एवढ्या मोठ्या तळ्यात बुडी नेमकी कुठे मारायची? फ्लेमिंग गॉर्जमध्ये भाल्यानं मासे मारणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या फ्लेमिंग गॉर्ज या धरणाच्या तळ्याचं पाणी १४६ किलोमीटर लांब पसरलंय. मास्क लावून पाण्यात तोंड घातलं की मला त्यातलं चार-पाच मीटर दिसतं. भाल्याचा पल्ला त्याहून कमी. काठावरून गळ टाकणारा माणूस एका जागी बसून माशाची वाट बघू शकतो. आपल्याला माशाच्या घरी जावं लागतं, तेही एका दमात. त्यामुळे या खेळात नेमबाजीपेक्षा जागा शोधणं जास्त मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. तिथून तळं गाडीनं तीन-साडेतीन तासांवर आहे. 'तुमचे जीपीएसचे आकडे द्या' असं मला बरेचजण म्हणतात. मी देत नाही. त्यामागे लपवाछपवी नाही. जूनमध्ये माशांनी भरलेली कपार ऑगस्टमध्ये रिकामी असते, आणि पाणी तीन मीटरनं उतरलं की तीच कपार उन्हात कोरडी पडते. जागा ठरते ती मासा, महिना आणि पाण्याची पातळी या तिन्हींवर. ती कशी ठरवायची, ते इथे सांगते.

आधी तळं ओळखून घ्या

ग्रीन नदीवर १९६४ मध्ये धरण झालं आणि हे तळं भरलं. थोडा भाग युटा राज्यात, बाकीचा वायोमिंगमध्ये. उत्तरेला वायोमिंगच्या बाजूला उघडी टेकाडं, उतरते काठ, उथळ पाणी. नदी तिकडूनच येते, त्यामुळे वसंतात बर्फ वितळायला लागलं की गढूळ पाणी आधी तिथे पोचतं. दक्षिणेला युटात तांबड्या खडकांची अरुंद दरी, खोल पाणी आणि बऱ्यापैकी नितळपणा. जॉन वेस्ली पॉवेलनं १८६९ मध्ये होड्यांतून इथून जाताना या दरीला 'फ्लेमिंग गॉर्ज' नाव दिलं, ते त्या तांबड्या रंगावरूनच.

भाला घेऊन उतरणाऱ्यानं सुरुवात दक्षिणेकडे करावी. उत्तरेला मासे कमी आहेत म्हणून नव्हे, ते दिसत नाहीत म्हणून.

दोन राज्यं म्हणजे दोन नियमपुस्तकं. राज्यांची सीमा पाण्यावर आखलेली नसते, तेव्हा होडीतून जाताना आपण कुठल्या बाजूला आहोत ते नकाशावर बघत राहा. युटाच्या बाजूला या तळ्यात पाण्याखाली भाल्यानं मासेमारी चालते. त्यासाठी मासेमारीचा साधा परवाना लागतो. भाला दोरीनं बांधलेला असावा लागतो, मोकळा सोडायचा नाही. युटाच्या वन्यजीव विभागाचं मार्गदर्शक पुस्तक दर वर्षी नवं निघतं. माशांच्या मर्यादा आणि बंद असलेले भाग त्यात बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. धरणाच्या भिंतीजवळची तरंगत्या खुणांची रेघ, होड्यांचे धक्के, होड्या उतरवण्याचे रॅम्प यांच्या आसपास उतरायचंच नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडच्या बहुतेक धरणांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेला असतो. तिथे परस्पर भाला घेऊन उतरणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय. पाणी वाचण्याची पुढची पद्धत मात्र कुठल्याही मोठ्या जलाशयाला लागू पडते.

कुठला मासा, कुठला महिना

'चांगली जागा' असं मोघम काही नसतं. माशापासून सुरुवात करा.

स्मॉलमाउथ बास हा नवख्यानं शिकायचा मासा. त्याला मोठे दगड, फटी आणि चिंगाट्यांसारखे दिसणारे क्रेफिश हवेत. या तळ्यात क्रेफिश मुबलक आहेत. उन्हाळाभर बास दोन ते आठ मीटरांत सापडतो. स्वभावानं चौकस, तळाशी पडून राहिलात तर स्वतःहून बघायला येतो. मेअखेर ते जूनमध्ये तो उथळ खडीत घरटी करतो आणि नर अंड्यांवर पहारा देतो. तो नर जागचा हलत नाही, म्हणून मारायला सोपा, आणि म्हणूनच मी त्याला मारत नाही. तो गेला की बाकीचे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात.

कार्प, म्हणजे आपल्या मासळी बाजारातला सायप्रिनस, अमेरिकेत बाहेरून आणून सोडलेला मासा. तो गाळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. मे-जूनमध्ये पाणवनस्पती असलेल्या उथळ फाट्यांत त्याचे थवे अंडी घालायला येतात, पाठी पाण्याबाहेर दिसतात. काठावरून दुर्बीण लावलीत तरी जागा कळते.

लेक ट्राउटला थंड पाणी लागतं, साधारण १० अंशांचं. बर्फ फुटल्यावर आणि पुन्हा शरदाच्या शेवटी तो वर येतो. भर उन्हाळ्यात इतका खोल जातो की दम धरून बुडी मारणाऱ्यांनी त्याचा नाद सोडावा. इथले मोठे लेक ट्राउट फार सावकाश वाढतात, हाताएवढा जाड मासा कित्येक वर्षांचा असतो. मी लहानच घेते. शरदात ट्राउट आणि कोकनी (गोड्या पाण्यातच राहणारा सामन) अंडी घालतात तेव्हा त्यांच्यावर काही बंधनं असतात, ती आधी बघून घ्या.

माझा आवडता मात्र बर्बट. कॉड घराण्यातला हा एकटाच गोड्या पाण्यात राहतो. लांब, वामेसारखा बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. कुणीतरी बेकायदा सोडल्यामुळे तो या नदीप्रणालीत आला आणि २००६ मध्ये या तळ्यात सापडला. तो बाकीच्या माशांवर ताव मारतो, म्हणून युटात पकडलेला बर्बट पाण्यात परत सोडायला मनाई आहे, मारावाच लागतो. संख्येची मर्यादाही नाही. दिवसा तो दगडांखाली दडून असतो, रात्री बाहेर पडतो. एरवी युटात भाल्यासोबत कृत्रिम उजेड चालत नाही, पण या तळ्यातल्या बर्बटसाठी ती सवलत दिली आहे.

घरी बसून नऊ दशांश तळं बाद करा

हे काम हिवाळ्यात, चहाचा कप शेजारी ठेवून करायचं. जुने नकाशे, उपग्रहाची चित्रं आणि पाण्याची पातळी, एवढंच लागतं.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे जुने भूरूप नकाशे फुकट मिळतात. धरण होण्याआधीचे शोधा. त्यांत नदीचं मूळ पात्र, ओढे, रस्ते आणि कुंपणं दिसतात. लिनवुड नावाचं गाव या तळ्याखाली गेलं, लिनवुड बे हे नाव त्यावरूनच. जुना रस्ता, ओढ्याची खोल चर, नदीच्या पात्राचा काठ, अशा प्रत्येक रेषेवरून मासे ये-जा करतात. सपाट तळाला कडा मिळाली की मासा तिला धरून राहतो.

समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघताना दोन प्रकार निवडून काढा. एक, जमिनीचं टोक दोन फाट्यांच्या मधून पाण्यात घुसतं आणि पुढेही हळूहळू उतरत जातं, ते. दोन, कड्यातून दरड कोसळून तिचा ढीग पाण्यात उतरलाय, तो. उभे तांबडे कडे दिसायला भव्य असतात, आणि नवखा माणूस तिथेच होडी थांबवतो. माझा अनुभव असा की सरळ भिंतीला ना फट, ना खाणं, ना दडायला जागा, आणि म्हणून मासाही नाही. भिंतीला आडवी पायरी असेल किंवा तळाशी दगडांचा ढीग असेल तरच वेळ घालवा.

आता उपग्रहाची चित्रं. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांना जाता येतं. २०२२ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या लेक पॉवेल या धरणाच्या तळ्याला आधार देण्यासाठी फ्लेमिंग गॉर्जमधून जादा पाणी सोडलं गेलं आणि पातळी उतरली. त्या शरदातली चित्रं काढून बघा. एरवी पाण्याखाली असणारे दगडांचे ढीग, ओंडके, जुन्या वाटा कोरड्या काठावर उघड्या पडलेल्या दिसतात. कुठल्याही सोनारयंत्रापेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला. गढूळपणासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं बघा. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं, आणि ढग नसतील तर तपकिरी पाणी कुठवर आलंय ते स्पष्ट कळतं. निघण्याच्या आदल्या रात्री मी ते बघतेच.

राहिली पातळी. नवखे इथे हमखास चुकतात. खोलीचे नकाशे पूर्ण भरलेल्या तळ्याचे असतात, म्हणजे समुद्रसपाटीपासून ६,०४० फूट. आजची पातळी ब्युरो ऑफ रेक्लमेशन या धरणं सांभाळणाऱ्या सरकारी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. समजा ती ६,०२७ आहे. फरक १३ फुटांचा, म्हणजे चार मीटर. नकाशावर ३० फूट खोल दाखवलेला ढीग आज १७ फुटांवर आहे. हे साधं वजाबाकीचं गणित न केल्यामुळे मी एका टेकाडावर अख्खी सकाळ वाया घालवली. नकाशावर ते पाच मीटर खोल होतं, प्रत्यक्षात गुडघाभर पाण्यात.

एवढं झालं की हाती दहा-बारा जागा उरतात. मग एकाच भागातल्या चार निवडा. एका दिवसात अख्खं तळं फिरायला निघालात तर सगळा वेळ होडीतच जाईल.

काठावर पोचल्यावर: थाळी, थर्मामीटर, वारा

इटलीच्या अँजेलो सेकीनं १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून नितळपणा मोजला. मी जेवणाची स्टीलची थाळी वापरते. मधोमध भोक, खाली शिशाचं वजन, दोरीला दर मीटरला गाठ. थाळी दिसेनाशी होते तिथल्या गाठा मोजायच्या. तीन मीटरांच्या आत नाहीशी झाली तर मी सरळ पुढची जागा गाठते. पाच-सहा मीटर मिळाले तर उत्तम. एक लक्षात ठेवा, थाळी वरून खाली दिसते, आपल्याला आडवं बघायचं असतं, आणि आडवं सहसा कमीच दिसतं.

मग तापमान. उन्हाळ्यात मोठ्या तळ्याच्या पाण्याचे थर पडतात. वर ऊन लागलेलं हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि मध्ये एक पातळ पट्टा, जिथे दोन-तीन मीटरांत पारा धाडकन उतरतो. याला थर्मोक्लाइन म्हणतात. बुडी मारताना तो कपाळाला आधी कळतो, बर्फाच्या पाण्यात डोकं घातल्यासारखा. ऑगस्टमध्ये मला तो बहुधा नऊ ते पंधरा मीटरांच्या दरम्यान लागतो. जुन्या घड्याळी थर्मामीटरला दोरी बांधून सोडला तरी पट्टा कुठे आहे ते कळतं. हे का करायचं? बास पट्ट्याच्या वर राहतो, ट्राउट आणि कोकनी पट्ट्यात किंवा खाली. हा पट्टा जिथे दगडांच्या ढिगाला किंवा जमिनीच्या टोकाला टेकतो, ती खोली सगळ्यात आधी तपासा. खालचे आणि वरचे दोन्ही मासे तिथे खायला येतात.

वाऱ्यानं तळ्याचा समुद्र होतो. भरती-ओहोटी नाही, प्रवाह नाही, पाणी हलवतो तो वाराच. दिवसभर एका दिशेनं वाहिला की वरचं कोमट पाणी, त्यातला सूक्ष्म जीवांचा चारा आणि त्यामागचे बारके मासे समोरच्या काठाला लोटले जातात. तो काठ खवळतो आणि गढूळतो. पाठीमागच्या काठाला खालचं थंड, नितळ पाणी वर येतं. गळवाले खवळलेला काठ पसंत करतात. आपल्याला मासे पण हवेत आणि दिसायलाही हवं, म्हणून गढूळ आणि नितळ पाण्याची जी शिवण पडते तिच्या नितळ बाजूला उतरा. मोठे मासे गढुळाच्या आडोशानं तिथे शिकारीला येतात. वारा पडल्यानंतरची सकाळ मला सगळ्यात जास्त फळली आहे. दुपारनंतर दरीत वारा सुटतो आणि होडी सांभाळणं कठीण होतं, म्हणून पहाटे उतरून एकपर्यंत बाहेर.

पाण्यात शोध

पहिला अर्धा तास भाला होडीतच ठेवा. हातात भाला असला की पहिल्या माशामागे जाणं होतं आणि जागा बघायची राहते. तरंगता बोया आणि बुडी चालू असल्याचा झेंडा, तांबडा आणि त्यावर तिरका पांढरा पट्टा, दोरीनं ओढत काठाला समांतर तीनेकशे मीटर पोहत जा. खालचा तळ कसा बदलतो ते बघा: गाळ, मग खडी, मग डोक्याएवढे दगड, मग घराएवढे. जिथे एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो तिथे थांबा.

मासा दिसला नाही तरी खुणा दिसतात. खडीत स्वच्छ झाडलेली गोल तबकडी म्हणजे बासचं घरटं. दगडांत क्रेफिशच्या रिकाम्या कवचांचा खच म्हणजे शिकारी जवळच आहे. बोटभर मासे दगडांना चिकटून घट्ट गोळा झाले असतील तर ते कुणाला तरी घाबरलेत. गाळात ओळीनं खळगे म्हणजे कार्प चरून गेले. आणि तळाशी दगडात अडकलेल्या तुटक्या गळांच्या दोऱ्या म्हणजे इथे लोकांना मासे मिळतात. त्या दोऱ्या सोबतच्या चाकूनं कापून बाहेर काढा. त्यांत पाय अडकून जीव जाऊ शकतो.

मग शांतपणे बुडी मारा, तळाशी आडवे व्हा, दगडाआड स्थिर पडून राहा. पाठलाग करू नका. गोड्या पाण्यातला मासा लांबून बघतो, वळसा घालतो आणि परत येतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत जागा भरलेली की रिकामी ते कळतं. चार-पाच बुड्यांत काही आलं नाही तर खोली बदला. खोली बदलूनही नाही तर जागा सोडा. एका जागेला मी पाऊण तास देते.

पाण्याखाली मासा खरा असतो त्याहून तिसऱ्या हिश्शानं मोठा आणि पाव हिश्शानं जवळ दिसतो. लांबीची मर्यादा असलेल्या माशावर नेम धरताना हे ध्यानात असू द्या. शंका आली तर सोडा. आणि मासा दगडाला टेकलेला असेल तर वार टाळा, भाला उलटून येतो.

बर्बटसाठी पद्धत वेगळी. दिवसा मी फक्त मोठ्या दगडांचा उतार शोधते, वरून खोल पाण्यापर्यंत सलग गेलेला. ठिकाण मनाशी पक्कं करते आणि अंधार पडल्यावर तिथेच परत येते. अनोळखी तळावर रात्री पहिल्यांदा उतरायचं नाही, हा माझा न मोडलेला नियम.

जीव सांभाळण्याबद्दल

तारकर्लीला किंवा गोव्याच्या समुद्रात शिकून इकडे आलेल्यांना दोन गोष्टी नव्या असतात. गोडं पाणी कमी उचलतं. मध्यम बांध्याच्या माणसाला कमरेचं शिसं सुमारे दोन किलोनं कमी करावं लागतं. मात्र इथे थंडीमुळे पाच ते सात मिलिमीटरचा वेटसूट लागतो आणि तो उलट वर ढकलतो. म्हणून उथळ पाण्यात पुन्हा तोलून बघा. सहज श्वास सोडल्यावरही डोकं वर तरंगलं पाहिजे, नाहीतर शिसं जास्त झालं. दुसरं, तळं समुद्रसपाटीपासून १,८४० मीटर उंच आहे आणि हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे चार पंचमांशच. पहिल्या दिवशी दम लवकर संपतो, तेव्हा खोल जाऊ नका. टाकी लावून बुडी मारणाऱ्यांनी उंचीसाठीचे तक्ते वापरावेत. धरणाकडून व्हर्नल गावाला जाणारा रस्ता ८,००० फुटांच्या वर चढतो, म्हणून टाकीच्या बुडीनंतर लगेच त्या वाटेला लागू नका.

एकट्यानं कधीही नाही. एकजण खाली, दुसरा वर, नजर खालच्यावर. बुडीआधी भराभर श्वास घेऊन दम वाढवायचा प्रयत्न करू नका. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि माणूस वर येता येता शुद्ध हरपतो. असं एकदा माझ्या जोडीदाराचं शेवटच्या दोन मीटरांत झालं. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून तो आज आहे. दरीत फोन लागत नाही, तेव्हा कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार ते काठावर कुणाला तरी सांगून जा.

लेक पॉवेलला जाऊन आला असाल तर सगळं सामान धुऊन, निथळून, कडकडीत वाळवूनच इकडे आणा. तिथे २०१३ पासून बाहेरून येऊन पसरणाऱ्या क्वागा शिंपल्यांनी घर केलंय. ओल्या वेटसूटच्या घडीतून त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं नव्या तळ्यात पोचू शकतात.

वही

घरी परतल्यावर, केस ओले असतानाच लिहा. मासे मिळालेल्या दिवसापेक्षा न मिळालेल्या दिवसाची नोंद जास्त काळजीपूर्वक करा. बाद केलेली जागा हीसुद्धा कमाईच आहे. पाण्याची पातळी प्रत्येक नोंदीत हवीच, तिच्याशिवाय पुढच्या वर्षी तीच खोली सापडत नाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

'सप्टेंबर, दुसरा शनिवार. पातळी ६,०२५. काल दिवसभर नैर्ऋत्येचा वारा, आज पहाटे पडला. थाळी साडेपाच मीटर. वर १९ अंश, पट्टा बारा मीटरवर. किंगफिशर बेटासमोरचं टोक: पूर्वेचा उतार गाळाचा, काही नाही. पश्चिमेला दरड, सहा मीटरवर मोठे दगड, कवचांचा खच, बास नऊ दिसले, दोन घेतले. अंधारात त्याच ढिगावर तीन बर्बट. त्यातल्या एकाच्या पोटात सात क्रेफिश. दोघांचं कोकम घालून तिखलं केलं, काटा फार कमी. पाणी अजून दोन मीटर उतरलं तर हा ढीग फार उथळ होईल, मग खालच्या दुसऱ्या ढिगावर बघणे.'